चार माणसांच्या वजनावर आवळलेली गाडी

आमच्या ह्यांना कुठलीही गोष्ट ठरवायला वेळ लागतो. मला लग्नाचं विचारायला त्यांनी इतका वेळ घेतला की तेवढ्यात मी नोकरी बदलली, खोली बदलली आणि चष्म्याचा नंबरही बदलून घेतला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसला काही माझ्या वाट्याला आला नाही. मी चिडले की ह्यांचं एकच उत्तर असतं, "काटा स्थिर होऊ दे गं."

हे त्यांच्या धंद्यातलं बोलणं. हे वजनकाटे दुरुस्त करतात. वाण्याचा काटा, गोदामातला पोतं ठेवायचा काटा, औषधांच्या दुकानातला नाजूक काटा, दवाखान्यात बाळाला निजवतात तो काटा, सगळे ह्यांच्या हाताखालून जातात. मी बाजारातून येऊन "किलोभर कांदे आणले" म्हटलं की हे पिशवी उचलतात आणि म्हणतात, "किलो नाहीत." भांडायला जावं तर माणूस खरं बोलत असतो. आमच्या गाडीच्या डिकीत तपासणीची वजनं कायम पडलेली असतात, लोखंडाची आणि पितळेची. प्रत्येक वजनाला मऊ कापडाची नाडीवाली पिशवी आहे. त्या पिशव्या आईंनी शिवल्यात.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. बाजाराच्या रस्त्यावर झेरॉक्सवाला आणि चपला शिवणारा यांच्या मधे त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक मशीन, एक इस्त्री, एक आरसा आणि एक गिऱ्हाईक उभं राहील एवढी जागा. नवे कपडे त्या शिवत नाहीत. लांब पँट आखूड करायची, घट्ट झालेला ड्रेस सैल करायचा, चेन बदलायची, हे त्यांचं काम. गावातल्या कोणाचं पोट सुटलं ते डॉक्टरांच्या आधी आईंना कळतं. आणि कळलं तरी त्या बोलत नाहीत, म्हणून गिऱ्हाईक टिकून आहे. सत्तरी उलटली, पण गेल्या वर्षीचं आजारपण सोडलं तर दुकान चुकवलेलं मला आठवत नाही.

त्यांची एक मोठी कात्री आहे. तरुणपणी घेतलेली, अजून तीच. ती त्या दुकानात ठेवत नाहीत. निळ्या पिशवीत घालून रोज घरी आणतात आणि सकाळी गाडीत मांडीवर घेऊन बसतात. त्या कात्रीने कोणी कागद कापला तर आमच्या घरात तीन दिवस सुतक. "एकदाच घ्यावं, जन्माचं घ्यावं," हे आईंचं वाक्य ऐकत ह्यांचं लहानपण गेलं. पुढे त्या वाक्यानेच आमचा घात केला, पण ते सांगते.

रोज सकाळी आम्ही चौघं एकाच गाडीतून निघतो. हे चालवायला, शेजारी आई, मागे मी आणि आमची लेक. आधी आईंना दुकानात सोडायचं, मग लेकीला कॉलेजात, मग मला दाताच्या दवाखान्यात, जिथे मी टेबलावर बसून लोकांना "फक्त दहा मिनिटं" असं खोटं सांगते, आणि शेवटी हे त्यांच्या कारखान्यात. गाडी जुनी आहे. रंग कधीकाळी चंदेरी होता असं कागदपत्रं सांगतात.

गेल्या वर्षी आई बाथरूममध्ये घसरल्या आणि पाठीचा एक मणका चेपला. महिनोन् महिने पट्टा लावून पडून होत्या. मग डॉक्टर म्हणाले, बसून काम करायला हरकत नाही, पण धक्के टाळा. आता धक्के टाळायचे कुठे? बाजाराचा रस्ता म्हणजे ठिगळाला ठिगळ. त्यात आमची गाडी प्रत्येक ठिगळावर पुढून खाडकन वाजायची. आई खिडकीवरची कडी घट्ट धरून बसायच्या. आरशात मला त्यांचे आवळलेले ओठ दिसायचे.

एके संध्याकाळी मी वाळलेले कपडे घड्या करत होते, तेव्हा त्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दुकान सोडावं म्हणते. लेकीकडे जाऊन राहीन."

लेक म्हणजे माझी नणंद, दुसऱ्या गावात असते. घर मोठं, माणसं चांगली, सगळ्या कामाला बाया.

"तिथे काय करणार तुम्ही?" मी विचारलं.

"काय करणार? बसणार."

मी हातातली घडी तशीच खाली ठेवली. आमचं दोघींचं फार गूळपीठ आहे असं कोणी समजू नये. चहात साखर किती यावरून आम्ही वर्षानुवर्षं लढतोय आणि कोणी माघार घेतलेली नाही. पण ही बाई नुसती बसली तर संपेल, हे मला दिसत होतं. आणि ती घरातून गेलेली मला नको होती. सरळ सांगते, नको होती.

मी ह्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तर सकाळीच हे सतरंजी घेऊन गाडीखाली शिरले.

आमच्या गल्लीच्या मागेच गॅरेज आहे. तिथल्या मेकॅनिकला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो सकाळी सुरू झाला की शटर ओढेपर्यंत बंद होत नाही. त्याने चाक हलवून बघितलं आणि निदान केलं, "बुश गेलेत." चाकाला गाडीशी जोडणारा एक लोखंडी हात असतो. त्याच्या सांध्यात जाड रबराची बांगडी बसवलेली असते, तिला बुश म्हणतात. ते रबर फाटलं की लोखंड लोखंडावर आपटतं, आणि वर बसलेल्या माणसाच्या हाडांना ते कळतं. एवढं रेडिओने सांगितलं. आणखीही पुष्कळ सांगितलं, त्यात मेव्हण्याच्या घटस्फोटापासून टायरच्या कंपन्यांपर्यंत सगळं होतं.

हे स्पेअर पार्टच्या दुकानातून दोन प्रकार घेऊन आले, घरी नेऊन बघतो म्हणून. एक साधा काळा, रबराचा, मूळ गाडीत असतो तसा. दुसरा लालभडक, कडक, कसल्याशा प्लास्टिकच्या जातीचा. दुकानदार म्हणाला होता, काळा पाच-सहा वर्षांनी परत बदलावा लागेल, लाल मात्र गाडी भंगारात गेली तरी तसाच राहील.

मग आमच्या जेवणाच्या टेबलावर ते दोन बुश मुक्कामाला आले. हे जेवताना त्यांच्याकडे बघायचे. अंगठ्याने दाबायचे. लेक म्हणाली, "बाबा, त्यांनाही वाढू का?" शेवटी एका संध्याकाळी ह्यांनी डिकीतलं सगळ्यात जड वजन आणलं आणि आधी काळ्यावर ठेवलं, मग लालवर. काळा जरासा दबला. लाल जागचा हलला नाही.

"हा चांगला," हे म्हणाले.

मीही मान डोलावली. आता वाटतं, दुसरा कोणी असता तर ही चूक केली नसती. पण काट्याच्या धंद्यात जे दबतं ते वाईट. दबलेली स्प्रिंग फेकायची, झिजलेली कड बदलायची, हेच ह्यांनी जन्मभर केलंय. त्यात वर आईंचं वाक्य, जन्माचं घ्यावं. रेडिओने म्हणे सांगितलं होतं की रोजच्या गाडीला काळाच बरा, लाल म्हणजे शर्यतीवाल्या पोरांचं काम. पण तो इतकं बोलतो की त्यातलं कामाचं वेचायला कोणाला वेळ आहे?

लाल बुश बसले. पहिल्या वळणावर गाडी अशी ताठ वळली की हे चक्क हसले. "बघ," मला आरशातून म्हणाले. मी म्हटलं, बघते. आणि मग बाजाराचा रस्ता आला.

लाल बुश दबत नाहीत हे अगदी खरं होतं. ते दबेनात, म्हणून दबायची पाळी आईंच्या मणक्यावर आली. पूर्वी खड्डा तेवढा लागायचा, आता रस्त्यावर पडलेली खडीसुद्धा मोजता येत होती. दुकानासमोर गाडी थांबली, ह्यांनी दार उघडलं, आणि आईंना उठता येईना. कडी धरून तशाच बसून राहिल्या. चपलावाला हातातली चप्पल टाकून धावत आला, तर त्याला म्हणाल्या, "थांब रे बाबा. उतरते सावकाश."

त्या संध्याकाळी त्यांनी निळी पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली. म्हणाल्या, "महिनाअखेरीला दुकानाची किल्ली मालकाला देते. लेकीला फोन केलाय."

"मी ते बुश बदलतो, आई," हे म्हणाले.

"आता कशाला? तुम्हा तिघांना काय होतंय? जन्माचे आहेत, राहू देत."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हे ताटावर बसून राहिले, जेवण काही गेलं नाही.

सकाळी मी दात घासत होते तेव्हा हे कपडे घालून तयार. म्हणाले, "लाल काढून टाकतो. काळे आणतो."

लेकीने विचारलं, "बाबा, काटा?"

"झाला स्थिर," म्हणाले आणि गेले. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाने रात्रीत काही ठरवलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

नवे बुश यायला थोडे दिवस गेले. तेवढ्यात आम्ही तिघंच सकाळी निघायचो. पुढची सीट रिकामी असायची, मी काही पुढे जाऊन बसले नाही. आई घरी काय करायच्या? तर धुतलेली भांडी परत धुवायच्या. माझ्या सगळ्या पडद्यांची टीप उसवून परत घातली. मला वाटलं, आता माझीच उसवतील.

रविवारी हे गाडी घेऊन रेडिओकडे गेले आणि थोड्या वेळाने फोन आला, तू आणि लेक, दोघी गॅरेजवर या. गेलो. गाडी गॅरेजातल्या लांबट खड्ड्यावर उभी होती, चारही चाकं जमिनीवर, आणि रेडिओ पाना घेऊन खाली खड्ड्यात. फक्त त्याचं डोकं दिसत होतं, आणि ते बोलत होतं.

"वहिनी, बसा गाडीत. ताई, तू पण. काय आहे, रबराच्या बुशचा बोल्ट गाडी वर टांगून आवळला की घात. चाक तेव्हा लोंबकळतं. मग गाडी खाली घेतली की रबर पिळवटतं ते कायमचंच. वर्षात फाटतं. म्हणून गाडी रोज जशी भरलेली उभी असते, तशी उभी करायची आणि मग आवळायचा. बाकीचे नाही करत असं, त्यांना घाई असते. माझ्याकडे रोजची माणसं बसल्याशिवाय पाना फिरत नाही. तर रोज किती जण?"

मी "तीन" म्हणणार होते. हे म्हणाले, "चार."

"चौथं कुठाय?"

रेडिओने आमच्या तोंडांकडे बघितलं. "आजी नाहीत का? अहो, मग अडलंय कुठे? तुमच्या डिकीत वजनं आहेत ना. आजींच्या वजनाएवढी पुढच्या सीटवर रचा. तुमच्याइतकं अचूक कोण रचणार?"

मला ते पटलं. खरं तर बरंच वाटलं, कारण कपडे भिजत टाकून आले होते. घरातल्या प्रत्येकाचं वजन ह्यांना पाठ आहे, आम्ही सगळे ह्यांच्या काट्यांवर उभे राहिलेलो आहोत. मी डिकी उघडली आणि एक पिशवी उचललीसुद्धा. ह्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि परत डिकीत ठेवली.

"नको. तिला आणतो."

"किलो ते किलोच की हो," रेडिओ खालून म्हणाला.

"हो," हे म्हणाले आणि घराकडे चालायला लागले.

मी लेकीकडे बघितलं, लेकीने माझ्याकडे. आयुष्यभर किलोला किलो म्हणत आलेला माणूस. मी रेडिओला त्याच्या मेव्हण्याचं विचारलं.

बऱ्याच वेळाने आई येताना दिसल्या, हळूहळू, भिंतीच्या बाजूने. मागे हे, हातात निळी पिशवी घेऊन. आई लांबूनच बोलत होत्या, "माझं काय काम तिथे? मी उद्या येणार आहे का तुमच्याबरोबर? आणि ती पिशवी कशाला?"

"रोज मांडीवर असते ना," हे म्हणाले.

रेडिओने खड्ड्यातून हात जोडले. "आजी, बसा. रोज बसता तशा."

"मी आता रोज बसत नाही."

"मग बसत होता तशा बसा."

आई बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. हात सवयीने वर कडीकडे गेला, तर रेडिओ म्हणाला, "कडी सोडा, आजी. गाडी कुठे चाललीय?" आम्ही चौघं आपापल्या जागी बसलो, दारं लावून घेतली. खालून पान्याचा कर्र असा आवाज यायला लागला, आणि रेडिओ चक्क गप्प झाला. पाना बोल्टवर असताना तो बोलत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

बंद गाडीत, कुठेही न जाता, आम्ही बसून राहिलो. समोर भिंतीवर टायर टांगलेले होते. कोणाला कॉलेज नव्हतं, कोणाला दवाखाना नव्हता. खूप दिवसांनी पुढच्या सीटवर आईंचा अंबाडा दिसत होता आणि मला बरं वाटत होतं.

"आम्हाला बसवून काय होतं रे?" आईंनी विचारलं.

ह्यांनी त्यांच्या पद्धतीने, एकेक शब्द तोलून सांगितलं. आईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माणूस उभा करून माप घ्यायचं. निजवून पँटची उंची घेतली तर बसेल कशी?"

"तेच," हे म्हणाले.

पाना थांबला. रेडिओ खड्ड्यातून वर आला, हात पुसत आईंच्या खिडकीशी वाकला आणि पुन्हा सुरू झाला. "झालं काम. आजी, आता ही गाडी तुम्हाला धरून आवळलीय बरं का. उद्यापासून ही जागा रिकामी राहिली तर रबर रोज पिळणार, आणि पिळून पिळून मरणार. नवं कोरं रबर आहे, माझं काही नाही."

आईंनी मान वळवून ह्यांच्याकडे बघितलं. "खरं का रे?"

एका माणसाच्या वजनाने रबर मरत नाही. जरासं पिळतं, एवढंच. हे मला पुढे रेडिओनेच हसत हसत सांगितलं. ह्यांना तर ते तिथेच माहीत होतं. कांद्याच्या पिशवीतली चार कांद्यांची तूट ज्याला खपत नाही तो माणूस स्टिअरिंगकडे बघत बसला आणि काही बोलला नाही.

"नवी वस्तू अशी घालवतात होय," आई पुटपुटल्या. घरी आल्यावर निळी पिशवी खिळ्याला गेली नाही, खुर्चीवरच राहिली. मी ती न बघितल्यासारखं केलं.

सोमवारी आम्ही खाली उतरलो तर आई आधीच गाडीपाशी उभ्या, पिशवी हातात. "चला, उशीर होतोय," म्हणाल्या. "तुमचं रबर खराब व्हायला नको."

बाजाराचा रस्ता तोच होता, ठिगळं तीच होती. खड्डे लागत होते, पण लांबून कोणीतरी दार ठोठावावं तसे. आईंचा हात एकदा कडीवर गेला, मग खाली आला आणि पिशवीवर राहिला. आरशात मी ओठ बघितले. मिटलेले होते, आवळलेले नव्हते.

दुकानासमोर गाडी थांबली. चपलावाल्याने हात वर केला. आई उतरल्या नाहीत. समोर बघत म्हणाल्या, "काल डिकीत तुझी वजनं होती ना?"

"होती."

"माझ्याएवढी भरली असती?"

"भरून उरली असती."

"मग ती ठेवायची की सीटवर. मला कशाला उन्हातून चालवलंस?"

आता वेळ लागणार, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. मागे एक टेम्पो येऊन थांबला आणि हॉर्न वाजवायला लागला.

"मला तू हवी होतीस," हे म्हणाले.

आईंनी पदराने चष्मा पुसला. मग दार उघडलं, एक पाय खाली ठेवला, दुसरा ठेवला आणि कडीला धरून आपल्या आपण उभ्या राहिल्या. "एवढं बोलायला तुला किती वेळ लागतो रे," म्हणाल्या. मग माझ्या खिडकीशी वाकल्या. "मालकाला सांगते, किल्ली देत नाही म्हणून. लेकीला तू फोन कर. म्हणावं, रबर जुनं झालं की येईन."

त्यांनी कुलूप काढलं, शटरला चपलावाल्याने हात लावला. निळी पिशवी मशीनवर ठेवून त्या आत दिवा लावायला वळल्या. टेम्पोवाला आता हॉर्नवरून हात काढत नव्हता. ह्यांनी गाडी हलवायची काही घाई केली नाही, आणि मीही त्यांना काही बोलले नाही.